होतकरूंची क्रमवारी कशी लावायची: डेट्रॉईट रेड विंग्जच्या एका जुन्या यादीवर प्रात्यक्षिक

2020-21 च्या हंगामात स्वीडनच्या एसएचएल या अव्वल लीगमध्ये डेट्रॉईट रेड विंग्ज या अमेरिकी आइस हॉकी संघाने निवडून ठेवलेले दोन तरुण खेळत होते. योनाथन बेर्गग्रेनने शेलेफ्तेओ संघाकडून 49 सामन्यांत 45 पॉइंट केले. लुकास रेमंडने फ्रोलुंडा संघाकडून 34 सामन्यांत 18. लीग तीच, वर्ष तेच, दोघंही विंगर. बेर्गग्रेनचा वेग जवळजवळ पावणेदोन पट. सांगा, या दोघांत वर कोण?

आइस हॉकी नुकती बघायला लागलेला माणूस बेर्गग्रेनचं नाव घेईल. मीही सुरुवातीला तेच केलं असतं. पण त्या उन्हाळ्यात जाणकारांच्या याद्यांत रेमंड वर होता, आणि पुढे तेच खरं ठरलं. रेमंड 2021-22 मध्ये थेट एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये आला आणि 82 सामन्यांत 57 पॉइंट करून मोकळा झाला. बेर्गग्रेन ते वर्षभर दुय्यम लीगमध्ये होता. आकडे समोर असूनही जाणकारांना वेगळं काय दिसलं, ते आपल्यालाही कसं बघता येईल, त्यासाठी हा लेख आहे.

मैदानी हॉकी बघून वाढलेल्या आपल्याला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्याआधी पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक. गोल अधिक असिस्ट म्हणजे पॉइंट. संघ सामन्यात 18 खेळाडू आणि 2 गोलरक्षक घेऊन उतरतो. आघाडीच्या तिघांच्या चार फळ्या, बचावपटूंच्या तीन जोड्या. म्हणजे जागा मोजक्या, आणि होतकरूचं भवितव्य सांगायचं म्हणजे त्याला या जागांपैकी कोणती मिळेल ते सांगायचं.

आधी ठरवा: होतकरू कोण?

एनएचएलचे 32 संघ दर उन्हाळ्यात सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये तरुणांचे हक्क घेतात. एका संघाकडे एका वेळी तीस-चाळीस अशी नावं सहज असतात. कोणी कॅनडात ज्युनियर खेळतो, कोणी अमेरिकेत कॉलेजात असतो, कोणी स्वीडन-फिनलंडमध्ये, कोणी संघाच्याच दुय्यम संघात. डेट्रॉईटचा दुय्यम संघ म्हणजे एएचएल या दुय्यम लीगमधला ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स.

यादीत कोणाला घ्यायचं आणि कोण आता होतकरू राहिला नाही, ही रेघ सुरुवातीलाच मारा आणि मध्येच हलवू नका. मी काल्डर करंडकाचा नियम वापरते. सर्वोत्तम नवोदिताच्या या पुरस्कारासाठी खेळाडू आधीच्या कोणत्याही एका हंगामात एनएचएलचे 25 पेक्षा जास्त सामने खेळलेला चालत नाही, आधीच्या दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा जास्त सामने खेळलेलाही चालत नाही, आणि वयही 26 च्या आत लागतं. रेघ आखली की वाद आपोआप मिटतात. 2021 च्या उन्हाळ्यात फिलिप झादिना फक्त एकवीस वर्षांचा होता, पण एनएचएलमध्ये भरपूर खेळून झाला होता, म्हणून बाहेर. ज्यो वेलेनो त्याच वयाचा, पण फक्त पाच सामने खेळलेला, म्हणून आत.

वय महिन्यांत लिहा

प्रत्येक नावापुढे जन्मतारीख लिहा. पूर्ण तारीख. अठरा ते एकवीस या वयात सहा महिन्यांचाही फरक पडतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण इथे एक पाळणा दीड वर्ष आधी हललेला असतो आणि आपण दोघांना एकाच मापाने मोजायला जातो.

बेर्गग्रेनचा जन्म 16 जुलै 2000 चा, रेमंडचा 28 मार्च 2002 चा. वीस महिन्यांचं अंतर. बेर्गग्रेनने 45 पॉइंट केले तेव्हा तो विशीत होता, तर रेमंड अठरा वर्षांचा असताना दाढीवाल्या माणसांशी भिडत होता. त्याच्या आदल्या वर्षी, सतराव्या वर्षीही, तो त्याच लीगमध्ये 33 सामने खेळून 10 पॉइंट करून गेला होता, तेही बर्फावर फार थोडा वेळ मिळत असताना. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

ड्राफ्टची तारीखही लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण होणारा मुलगा त्या उन्हाळ्यात निवडीला पात्र ठरतो. ऑस्टन मॅथ्यूज 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांच्या फरकाने 2015 चा ड्राफ्ट हुकला, त्या वर्षी तो झुरिकच्या संघात मोठ्यांबरोबर खेळला आणि 2016 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. उलट मॅथ्यू शेफर 5 सप्टेंबर 2007 चा, म्हणजे 2025 च्या ड्राफ्टमधल्या सगळ्यांत लहानांपैकी. दुखापतीमुळे त्या हंगामात तो लीगचे जेमतेम 17 सामने खेळला होता, तरी न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला पहिला घेतला. एकाच ड्राफ्टमधली दोन मुलं जवळजवळ एका वर्षाच्या अंतराची असू शकतात. डेट्रॉईटचा गोलरक्षक सेबॅस्टियन कोसा नोव्हेंबर 2002 चा, म्हणून तो 2021 च्या ड्राफ्टमध्ये आला. जानेवारी 2003 मध्ये जन्मलेल्यांशी त्याची तुलना करताना ते दोन महिने ध्यानात ठेवावेच लागतात. 2003 च्या ऑगस्टात जन्मलेल्याशी करताना तर फारच.

लीगचं वजन

कांगा लीगमधलं अर्धशतक आणि जिल्हा स्पर्धेतलं अर्धशतक आपण एका तराजूत घालत नाही. इथेही तसंच. होतकरू आठ-दहा वेगवेगळ्या लीगमध्ये विखुरलेले असतात आणि प्रत्येक ठिकाणचा पॉइंट वेगळ्या किमतीचा.

यावर एक सोपं गणित रूढ आहे. एखाद्या लीगमधून एनएचएलमध्ये आलेल्यांचे पॉइंट किती प्रमाणात टिकले ते पाहून त्या लीगला गुणक दिला जातो. हे गुणक प्रत्येकाच्या गणितात थोडे हलतात, पण ढोबळमानाने असे: रशियाची केएचएल 0.75 च्या आसपास, स्वीडनची एसएचएल 0.55, एएचएल 0.4 ते 0.45, अमेरिकी कॉलेज 0.3 ते 0.4, आणि कॅनडातल्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीग 0.25 ते 0.3. खेळाडूचे सामन्यामागचे पॉइंट काढा, 82 ने गुणा म्हणजे पूर्ण हंगामाचे होतील, मग लीगच्या गुणकाने गुणा.

बेर्गग्रेन: 45 भागिले 49, गुणिले 82, गुणिले 0.55. उत्तर 41 च्या आसपास. रेमंड: 18 भागिले 34, त्याच रीतीने, सुमारे 24. आता प्रत्यक्षात काय झालं? रेमंडने पुढच्याच वर्षी 57 केले. बेर्गग्रेनने एनएचएलमधल्या पहिल्या हंगामात, 2022-23 मध्ये, 67 सामन्यांत 28, म्हणजे पूर्ण हंगामाला 34 च्या वेगाने. बेर्गग्रेनच्या बाबतीत गणित थोडं वर गेलं, रेमंडच्या बाबतीत पार खाली राहिलं.

म्हणून गणित टाकून देऊ नका. नवख्या माणसाला ते एका मोठ्या चुकीपासून वाचवतं, ती म्हणजे ज्युनियर लीगच्या शंभर पॉइंटांनी भारावून जाणं. वेलेनोचंच बघा. क्युबेकच्या ज्युनियर लीगने ज्याला अपवाद म्हणून एक वर्ष लवकर खेळू दिलं असा तो पहिला मुलगा. 2018 मध्ये डेट्रॉईटने त्याला 30 व्या क्रमांकावर घेतला, पुढच्याच हंगामात त्याने ड्रमंडव्हिलकडून 59 सामन्यांत 104 पॉइंट केले. इथे मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या राज्यात, आम्ही सगळे हरखलो होतो. तेच आकडे पावाने गुणले तर चाळीसच्या आत येतात, शिवाय तो ते करताना जवळजवळ एकोणीसचा झालेला. पुढे तो तिसऱ्या-चौथ्या फळीचा कष्टाळू सेंटर (आघाडीच्या तिघांतला मधला) झाला आणि मार्च 2025 मध्ये शिकागोला दिला गेला. यात त्याचं काही चुकलं नाही. चूक आमच्या अपेक्षांची होती, आणि ती तेव्हाच कागदावर दिसू शकली असती.

गुणक वापरताना एवढं पाळा की तुलना एकाच वयाच्या मुलांची करायची. आणि बचावपटूंना आघाडीच्या खेळाडूंशेजारी ठेवायचं नाही.

पॉइंट कुठून आले?

आता आकड्याच्या पोटात शिरायचं. तीन गोष्टी शोधा.

मुलाला सामन्यात किती मिनिटं मिळतात? पंधरा मिनिटांत 18 पॉइंट आणि नऊ मिनिटांत 18 पॉइंट यांत फार फरक आहे. पॉइंटांपैकी किती पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना मिळाले? त्या वेळी जागा मोकळी असते आणि ज्युनियर लीगमधले हुशार नेमबाज तिथे गोलांचा पाऊस पाडतात. एनएचएलमध्ये त्या जागेवर आधीच कोणीतरी मोठा बसलेला असतो. आणि असिस्टमध्ये शेवटचा पास किती वेळा त्याचा होता? दोन पास आधी पक दिलेल्यालाही तोच एक पॉइंट मिळतो.

झादिनाकडून मी जे शिकले ते इथे सांगते. 2018 मध्ये तो हॅलिफॅक्सच्या ज्युनियर संघाकडून 57 सामन्यांत 44 गोल करून आला होता. तो सहाव्या क्रमांकापर्यंत उरला याचं डेट्रॉईटमध्ये सगळ्यांनाच नवल वाटलं, मला तर तो दिवाळीचा बोनस वाटला. सातव्या क्रमांकावर व्हँकुव्हरने क्विन ह्यूज नावाचा ठेंगणा बचावपटू घेतला. पाच वर्षांनी, 2023 च्या उन्हाळ्यात, झादिना आणि डेट्रॉईट यांचा करार संपुष्टात आला, आणि ह्यूज लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक झाला होता. झादिनाचा फटका जोरदार होता, त्यात शंका नाही. पण फटका मारायला जी मोकळी जागा आणि जो अर्धा सेकंद लागतो, तो ज्युनियरमध्ये मिळायचा आणि एनएचएलमध्ये मिळेनासा झाला. तेव्हापासून कुठल्याही गोलबाजाबद्दल मी आधी विचारते: हा जागा तयार करतो, की तयार जागेत मारतो?

उलट टोकाचं उदाहरण सिमॉन एडविन्सन. ड्राफ्टच्या वर्षी एसएचएलमध्ये 10 सामने, 1 पॉइंट. खालच्या विभागात 14 सामने, 5 पॉइंट. एवढ्यावर 2021 मध्ये डेट्रॉईटने त्याला सहावा घेतला. साडेसहा फूट उंचीचा बचावपटू, आणि लहानखुऱ्या विंगरसारखा बर्फावरून वळणारा. असा माणूस कागदावर सापडत नाही. तिथे बघावंच लागतं.

बघायचं कसं

यादी करणाऱ्या बहुतेकांचं इथे अडतं. सामना बघताना आपले डोळे पकमागे धावतात. होतकरू बघताना पक विसरा. एकच खेळाडू निवडा आणि तो बर्फावर उतरल्यापासून बाकावर परत येईपर्यंत फक्त त्याच्याकडे बघा. एक पाळी चाळीस-पन्नास सेकंदांची असते. पहिले दोन सामने कंटाळा येईल. तिसऱ्यापासून दिसायला लागतं.

पक त्याच्याकडे येण्याआधी तो खांद्यावरून मागे बघतो का, ते मोजा. खरंच मोजा, वहीत रेघा ओढा. जो बघतो त्याला पक मिळाल्याक्षणी पुढचं पाऊल माहीत असतं. जो बघत नाही तो पक घेतो, मग डोकं वर काढतो, तोवर अंगावर माणूस आलेला असतो. ज्युनियरमध्ये हे खपून जातं.

मग त्याची पहिली तीन पावलं बघा. सरळ रेषेतला वेग पुष्कळांकडे असतो. उभ्या जागेवरून सुटताना, वळताना, अचानक थांबून उलट फिरताना जो झटका लागतो तो थोड्यांकडे. पावलांचं तंत्र सदोष असेल तर ते विशीनंतर सुधारू शकतं, सुधारल्याची उदाहरणं आहेत, पण तुमच्या वहीत त्याची नोंद हवी.

बोर्डालगत, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीलगत, दबावाखाली, पक घेऊन तो काय करतो? काही मुलं कडेकडेनेच फिरत राहतात. तिथे मार कमी बसतो आणि पक हातात राहतो, त्यामुळे खेळ देखणा वाटतो. पण गोल मधल्या पट्ट्यातून होतात. जो मुलगा मार सोसून किंवा हुलकावणी देऊन पक मध्यभागी नेतो, त्याच्या नावापुढे खूण करा. रेमंड अंगाने काही आडदांड नव्हता. पण दोघांच्या मधून पक काढून नेमका मोकळ्या सोबत्याला देणं त्याला अठराव्या वर्षीही जमत होतं, आणि पक गेला तर तो लगेच उलटा फिरून मागे धावायचा. दुय्यम भूमिकेत बसवलेल्या मुलाकडून पॉइंट होत नसतात, पण या सवयी तिथेही दिसतात.

बचावपटूसाठी वेगळी नजर लागते. समोरून वेगाने येणाऱ्या खेळाडूपासून तो किती अंतर राखतो? फार मागे सरकला तर फटक्याला जागा, फार पुढे गेला तर बगल. काठी बर्फावर आणि पासच्या वाटेत आहे का? आणि पक परत मिळाल्यावरचा पहिला पास. माझ्या मते होतकरू बचावपटूचं निम्मं मूल्य या एका पासमध्ये आहे.

युरोपातले सामने बघताना रिंकचं माप डोक्यात असू द्या. तिथल्या पारंपरिक रिंकची रुंदी 30 मीटर, एनएचएलची 26 च्या आसपास. चार मीटर म्हणजे कडेला किती निवांतपणा, ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

निदान तीन सामने बघा, त्यातला एक तरी लागोपाठच्या दुसऱ्या दिवशीचा असू द्या, थकलेल्या पायांचा. आणि पॉइंटांचा तक्ता उघडण्याआधी आपलं मत लिहून ठेवा. तक्ता आधी बघितला की डोळे तेच शोधतात.

कुठे बघायचं? भारतातून सर्वांत सोपी संधी म्हणजे वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा, 26 डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपणारी. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे किंवा सकाळी असतो. फक्त दोन आठवड्यांची स्पर्धा आहे हे विसरू नका. सात सामन्यांत कोणीही देव होतो. मिशिगनमध्ये असाल तर मात्र तुमचं नशीब थोर. अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघाचं घर प्लिमथमध्ये आहे, कँटन आणि नोव्हीच्या मराठी वस्तीपासून अर्ध्या तासाच्या आत. मॅथ्यूज, ह्यूज बंधू, डेट्रॉईटचा कर्णधार डिलन लार्किन, सगळे या संघातून गेले. सॅगिनॉ आणि फ्लिंटला ओएचएलचे (कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनियर लीगपैकी एक) ज्युनियर संघ आहेत, नदीपलीकडे विंडसरला आणखी एक. ग्रँड रॅपिड्सला गाडीने अडीच तास लागतात. मी मुलीला घेऊन वर्षातून तीन-चारदा जाते. काचेला नाक लावून बसलं की टीव्हीवर न दिसणारं एक दिसतं: बाकावर परतल्यावर कोण प्रशिक्षकाकडे बघतो, कोण बर्फाकडे.

गोलरक्षकांची वही वेगळी

गोलरक्षकाला मुख्य यादीत कुठे बसवायचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझा सल्ला: पहिली दोन वर्षं बसवूच नका. वेगळ्या पानावर लिहा.

कारण त्यांना पिकायला फार वेळ लागतो. जिमी हॉवर्डला डेट्रॉईटने 2003 मध्ये 64 वा घेतला. कॉलेज झालं, मग ग्रँड रॅपिड्समध्ये चार हंगाम झाले, आणि तो संघाचा मुख्य गोलरक्षक झाला 2009-10 मध्ये. त्या वर्षी काल्डरच्या अंतिम तिघांत त्याचं नाव होतं. सहा वर्षं तुमच्या यादीत हा माणूस सातवा की सतरावा, याला काय अर्थ होता?

कोसाची गोष्ट याच पानावरची. 2021 मध्ये त्याच्यासाठी डेट्रॉईटने डॅलसला 23 वा, 48 वा आणि 138 वा क्रमांक देऊन 15 वा घेतला. त्या 23 व्या क्रमांकावर डॅलसने वायट जॉन्स्टन निवडला. जॉन्स्टनने आदल्या हंगामात ज्युनियर लीगचा एकही सामना खेळला नव्हता, कारण कोविडमुळे ओएचएलचा तो हंगामच रद्द झाला होता. दोन वर्षांत तो एनएचएलमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात 24 गोल केले. कोसा तेव्हा ओहायोतल्या टोलेडोच्या संघात, आणखी एका पायरीखाली शिकत होता. एनएचएलमध्ये तो पहिल्यांदा उतरला डिसेंबर 2024 मध्ये. या व्यवहाराला आजच चूक म्हणणं मला मान्य नाही. पण वाट बघण्याचीही किंमत असते, आणि गोलरक्षकाच्या पानावर ती लिहिलीच पाहिजे.

डेट्रॉईटच्या बाबतीत आणखी एक स्थानिक गोष्ट. इथे तरुणांना घाईने वर आणत नाहीत. आंबा पाडाला लागला तरी उतरवायचा नाही, आणखी पिकू द्यायचा, अशी जुनी रीत आहे. आधीचे जनरल मॅनेजर केन हॉलंड यांच्या काळात ती प्रसिद्ध होती आणि त्यांच्यानंतर आलेल्या स्टीव्ह आयझरमन यांच्याकडेही तिच्या खुणा दिसतात. म्हणून एखादा मुलगा दोन वर्षं ग्रँड रॅपिड्समध्ये आहे यावरून लगेच त्याला खाली ढकलू नका. एडविन्सन दोन हंगाम बहुतांशी तिथेच होता आणि 2024-25 मध्ये पूर्णवेळ वर आला. प्रत्येक संघाची अशी चाल असते. यादी करण्याआधी ती माहीत करून घ्या.

आधी गट पाडा, मग क्रमांक द्या

आता सगळं समोर आहे. लगेच एक ते वीस आकडे टाकायला बसू नका. प्रत्येक नावापुढे दोन ओळी लिहा: सगळं जमून आलं तर हा कोण होईल, आणि बहुधा कोण होईल. पहिल्या ओळीवर भाळून यादी केली तर ती स्वप्नांची होते. फक्त दुसरीवर केली तर सगळे चौथ्या फळीचे खेळाडू वर येतात. दोन्ही ओळी शेजारी ठेवून गट पाडा.

2021 च्या ऑगस्टमध्ये माझ्या वहीत असं होतं. पहिल्या गटात दोघंच: मोरित्झ सायडर आणि रेमंड. दोघांच्याही दुसऱ्या ओळीत, म्हणजे "बहुधा" मध्ये, संघाचा आधारस्तंभ असं लिहिलं होतं. दुसऱ्या गटात एडविन्सन एकटा. पहिली ओळ सायडरइतकीच उंच, दुसरी अजून धूसर. तिसऱ्या गटात बेर्गग्रेन, वेलेनो, विल्यम वालिंडर, आल्बर्ट योहान्सन. खाली बाकीचे. कोसा वेगळ्या पानावर.

गट पाडले की लक्षात येतं की दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत दरी असू शकते आणि पाचव्या-आठव्यांत काहीच नसू शकतं. तिसऱ्या गटातल्या चौघांचा क्रम मी तेव्हा तीनदा बदलला होता. त्यात रात्र घालवण्यापेक्षा त्यांचा एकेक सामना आणखी बघायला हवा होता. योहान्सनला मी शेवटी ठेवला, कारण त्याच्यात डोळ्यांत भरण्यासारखं काही नव्हतं. 2024-25 मध्ये तो डेट्रॉईटच्या बचावात नियमित दिसू लागला. शांत खेळणाऱ्या बचावपटूला मी कमी लेखते, ही माझी सवय मला त्याच्यामुळे कळली.

सायडर पहिला का, हेही सांगायला हवं. 2019 मध्ये डेट्रॉईटने त्याला सहावा घेतला तेव्हा त्याचं नाव इतक्या वर कोणी धरलं नव्हतं. नाव पुकारल्यावर त्याच्याच चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटलं ते कॅमेऱ्यात आहे. ड्राफ्टच्या वर्षी मॅनहाइमकडून 29 सामन्यांत फक्त 6 पॉइंट. पण जर्मनीच्या मोठ्यांच्या लीगमध्ये, विजेत्या संघात, सतरा-अठराव्या वर्षी. पुढच्या वर्षी ग्रँड रॅपिड्समध्ये 49 सामन्यांत 22. त्याच्या पुढच्या वर्षी स्वीडनच्या रोग्ले संघाकडून 41 सामन्यांत 28 आणि लीगचा सर्वोत्तम बचावपटू. वाढत्या वयाबरोबर प्रत्येक पायरीवर जबाबदारी वाढली आणि खेळही वाढला. 2021-22 मध्ये 50 पॉइंट करून त्याने काल्डर जिंकला. एकेका वर्षाचा आकडा बघण्यापेक्षा तीन वर्षांचा चढ बघणं किती उपयोगी, ते मला त्याच्याकडून कळलं.

ड्राफ्टच्या क्रमांकाला किती मान द्यायचा? पहिल्या वर्षी पुष्कळ, कारण संघाच्या शोधकांनी मुलाला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बघितलेलं असतं. दुसऱ्या वर्षी निम्मा. तिसऱ्या वर्षी तो आकडा वहीतून खोडून टाका. रेड विंग्जच्या चाहत्यांना हे सांगायची गरज नसावी: होकान आंडरसन या शोधकाच्या नजरेमुळे 1998 मध्ये पावेल दात्स्युक 171 वा आणि 1999 मध्ये हेन्रिक झेटरबर्ग 210 वा मिळाला, आणि 2008 चा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, या दोघांच्या खांद्यांवरून आला. तेव्हा रशियातल्या आडगावचे सामने बघायला फारसं कोणी जात नसे. आता प्रत्येक पाळीची चित्रफीत मिळते, इतकं मोठं घबाड हाती लागणं अवघड झालंय. तरी लेन हटसन 2022 मध्ये 62 वा गेला, मुख्यतः लहान चणीमुळे, आणि 2025 मध्ये मॉन्ट्रियलसाठी काल्डर घेऊन गेला. उंचीचा रकाना ठेवा, पण शेवटचा.

वही उघडण्याच्या तारखा

वर्षातून दोनदाच यादी बदला: ऑगस्टमध्ये, ड्राफ्टची धूळ खाली बसल्यावर, आणि जानेवारीच्या अखेरीस, जागतिक स्पर्धेचा उत्साह ओसरल्यावर. मधल्या काळात कोणी हॅटट्रिक केली, कोणाचे दहा सामने कोरडे गेले, तर नोंद करा, क्रम हलवू नका.

प्रत्येक बदलापुढे कारण लिहा, एका वाक्यात, तारखेसह. "वेलेनो खाली, पॉइंट घटले" असं नको. "वेलेनो खाली, एएचएलमध्ये बोर्डालगत पक राखता येत नाही, तीन सामने पाहिले" असं हवं. दोन वर्षांनी वाचताना पहिल्या वाक्यातून काही कळत नाही, दुसऱ्यातून आपली नजर कुठे बरोबर होती ते कळतं.

सुरुवात करायला आजच्या डेट्रॉईटचीच दहा नावं घ्या, किंवा तुमच्या आवडत्या संघाची. पहिल्या पानावर फक्त नाव, जन्मतारीख, लीग आणि मिनिटं. पॉइंटांचा रकाना रिकामा सोडा. एक मुलगा निवडा, त्याचे तीन सामने लावा, आणि पहिल्या पाळीत तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो ते मोजा.